रूम बदलली आहे, पत्र शेवटपर्यंत वाचा

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा आत्याकडचं सामान हलवलं. हिमोफिलियाच्या युवा गटातल्या दोघांबरोबर कोथरूडला रूम घेतली आहे. आत्याशी काही बिनसलेलं नाही. तिनं तर फ्रिजचा एक कप्पा कायम फॅक्टरसाठी, माझ्या रक्त गोठवणाऱ्या इंजेक्शनसाठी, मोकळा ठेवला होता. पण माझा गुडघा आतून रक्तानं भरला की ती रात्रभर जागायची, म्हणून मी सांगायचंच टाळायचो. इथे सांगावं लागत नाही. मी पाय जपून टाकला की दोघांतला एक जण बर्फ काढतो.

सूज यायच्या आधी सांध्यात जी सरसर होते, ऊब जाणवते, ती मला कधी कुणाला समजावता आली नव्हती. गटात एकानं ती सांगितली आणि सगळ्यांच्या माना हलल्या. त्याच वेळी फॅक्टर घेतला तर सांधा वाचतो. डॉक्टर वर्षानुवर्षं तेच सांगत होते, पण ते पटलं या मुलांचे आखडलेले गुडघे बघून. शिबिरात नर्सताईंसमोर यांनीच मला स्वतःची शीर शोधायला शिकवलं. बाटली जोरात हलवायची नाही, हळूहळू फिरवायची. आता सुई मीच टोचतो, बाबा. रात्री-अपरात्री कुणाला गाडी काढायला लागत नाही.

रविवारी आम्ही लहान मुलांबरोबर बसतो. सातवीतला एक जण खेळाच्या तासाला वर्गात एकटा बसतो, मी बसायचो तसाच. त्याला म्हटलं, डॉक्टरांना विचारून पोहायला लाग, मीही पोहतो. त्याच्या चेहऱ्यासाठी मी दर रविवार देईन.

रूम तळमजल्यावर आहे, कमोड आहे, फ्रिज आहे, इन्व्हर्टरही आहे. डबा भाकरीचाच लावलाय. काळजीचं काही नाही.

आई, मी रांगायचो तेव्हा तू चड्डीच्या गुडघ्यांना आतून गोधडीचे तुकडे शिवायचीस. अजून तशीच माया हवी असते गं. पण मामाचा विषय निघाला की देवघरात जाऊन बसू नकोस. वाहक आईच्या, म्हणजे या आजाराचं जनुक असलेल्या आईच्या, प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते, त्यात तुझा काय दोष? आणि साधारण तीनातल्या एका रुग्णाच्या घरात तर आधी कुणालाच नसतो. इथे आयांचीही बैठक असते. तू येच. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल, तिथे मामाबद्दल बोल.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका. दिव्यांग कार्डासाठी माझी जुनी फाईल पाठवा. 2016 च्या कायद्यात हिमोफिलिया आहे. तो शब्द तुम्हाला जड जातो हे कळतं मला, पण मला आता जात नाही.

आणि आई, दाढ काढायची म्हणतेस ना? वाहक बायकांच्या रक्तातलाही फॅक्टर कमी असू शकतो. आधी रक्त तपासायचं, दातांच्या डॉक्टरांना सगळं सांगायचं, मगच तारीख. सांध्याचं दुखणं म्हणून मनानं कुठली गोळीही घ्यायची नाही. रिपोर्ट आला की मला फोटो पाठव.

तुमचा,
सोनू