स्पेनमधल्या सालामांकाच्या सेन्योरांस, एका फुटलेल्या कपाबद्दल

आदरणीय सेन्योरा,

पहिल्याच दिवशी तुम्ही मला ‘तू’ म्हणायला सांगितलेत आणि स्पॅनिश बोलताना मी ते पाळलेही, कारण तुमचा ‘तू’ आणि आमचा ‘तू’ कानाला एकच वाटतो. मराठीत मात्र आईच्या वयाच्या बाईंना एकेरी लिहिणे मला शक्य नाही, म्हणून या पत्रात तुम्ही ‘उस्तेद’च, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’च राहाल.

तुमच्याकडे राहायला येण्यापूर्वी मी ज्या वर्गात शिकले, तिथे सर्वनामांचे तक्ते इंग्रजीच्या आधाराने पाठ करून घेत. ‘लो’च्या (‘ते’च्या) आधी ‘ले’ (‘त्याला’, ‘तिला’ किंवा ‘तुम्हाला’) आले की त्याचे ‘से’ होते, हे मी घोकले. पण असे वाक्य कुणाला, कधी म्हणायचे, हे कुणी सांगितले नाही. प्रत्येक वाक्याला ‘यो’, म्हणजे ‘मी’, लावायची सवयही तिथलीच. वास्तविक ‘आलास?’ म्हटल्यावर आपल्याला ‘तू’ लागत नाही, तसेच स्पॅनिशमध्येही कर्ता क्रियापदाच्या रूपातूनच कळतो. ‘तुम्हाला हे जमणार नाही’ हे भर वर्गात ऐकलेले वाक्य मला अजून सलते.

मग तुमच्या आईचा निळ्या काठाचा कप फुटला. मी घाबरून म्हणाले, ‘यो ए रोतो ला ताथा’, मी कप फोडला. तुम्ही तुकड्यांकडे पाहिलेही नाही. माझे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून कुठे कापले नाही ना ते पाहिलेत आणि हळूच म्हणालात, ‘नो. से ते आ रोतो.’ फोडला नाहीस. तुझ्या हातून फुटला.

त्या वाक्यात कर्ता कप आहे. ‘से’मुळे फुटण्याची क्रिया त्याच्याकडे जाते आणि ‘ते’, म्हणजे ‘तुला’, हे सर्वनाम केवळ ती कुणावर ओढवली एवढेच सांगते. हे तर माझ्या आईचे मराठी होते! ‘मे गुस्ता एल ते’ म्हणजे सरळ ‘मला चहा आवडतो’, हेही मला त्याच संध्याकाळी, तुम्ही दुसऱ्या कपात ओतलेला चहा पिताना उमगले. चूक झालेल्या माणसाला दोषातून अलगद सोडवणारी रचना दोन्ही भाषांत आहे, पण आईची आठवण फुटलेली असताना ती ओठांवर येण्यासाठी माणूस मुळातच भला असावा लागतो.

त्या दिवशी मला ‘ग्राथियास’पलीकडे, नुसत्या ‘धन्यवाद’पलीकडे, काही बोलता आले नाही. आज पूर्ण वाक्य लिहिते: ‘से लो आग्रादेथ्को’, त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. यातला ‘से’ तुमच्यासाठी आहे, आणि ‘लो’ त्या संध्याकाळसाठी.

तुमची,
वरच्या खोलीतली विद्यार्थिनी