फोनवर 'नाही' म्हणालो, त्याबद्दल

टूसॉन, ॲरिझोना
रविवार, १५ जून २०२५

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

मागच्या रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "ते चर्चमध्ये लोकांना ठेवून घेतात म्हणे, त्या भानगडीत तू नाहीस ना?" मी "नाही" म्हणालो. समोर आईचा चेहरा दिसत होता, म्हणून तोंडातून तसं निघालं. ते खोटं होतं. आठवडाभर घशात अडकल्यासारखं झालंय, म्हणून आज भक्तीहून आल्या आल्या लिहायला बसलोय. व्हिडिओवर आई मध्येच "जेवलास का" विचारते आणि माझा धागा तुटतो. कागदाला मध्ये बोलता येत नाही. हे पोचेपर्यंत तुमच्याकडे पाऊस नीट लागलेला असेल. इथे आज बेचाळीस डिग्री आहे आणि पावसाचं नाव महिनाभर तरी काढायचं नाही.

आधी काय घडलं ते सांगतो, मग माझा त्यात हात किती ते.

चर्च, शाळा, दवाखाना अशा ठिकाणी शिरून कुणाला पकडायचं नाही, निदान सहसा नाही, असा इथल्या इमिग्रेशनवाल्यांचा स्वतःचाच नियम होता. २०११ पासूनचा. तो या जानेवारीत, नवं सरकार आलं त्याच आठवड्यात, काढून टाकला. म्हणजे रविवारी उपासना चालू असताना दारात गाडी उभी राहिली तरी आता त्यांना त्यांच्याच नियमाची आडकाठी नाही. लगेच क्वेकर पंथाच्या मंडळ्या कोर्टात गेल्या. सॅक्रामेंटोचा एक गुरुद्वाराही त्यांच्याबरोबर उभा राहिला, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. २४ फेब्रुवारीला मेरीलँडच्या कोर्टाने मनाईहुकूम दिला, पण दावा लावणाऱ्यांपुरताच. आम्ही त्यात नाही. त्याच फेब्रुवारीत अमृतसरला ते लष्करी विमान उतरलं, एकशेचार जण, हातापायांत बेड्या. ते टीव्हीवर बघून बाबांनी रात्री दोनला मला उठवलं होतं. "तुझे कागद सगळे नीट आहेत ना?" नीट आहेत, बाबा. नीट असणं आणि पुरेसं असणं यात फरक आहे, पण ते पुढे.

तर आमच्या चर्चच्या मंडळीपुढे प्रश्न आला: हद्दपारीच्या भीतीने कुणी आश्रय मागितला तर द्यायचा का? आणि द्यायचा तर उघडपणे सांगून, की गुपचूप?

या गावाला हा प्रश्न नवा नाही. इथल्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने २४ मार्च १९८२ ला जाहीर करून टाकलं होतं की एल साल्वादोर आणि ग्वातेमालाच्या यादवीतून पळून येणाऱ्यांना आम्ही ठेवून घेणार. जॉन फाइफ म्हणून पाळक होते. त्यांनी सरकारच्या ॲटर्नी जनरलना पत्रच धाडलं: आम्ही तुमचा कायदा मोडतोय, कारण तुम्हीच तो नीट पाळत नाही. त्या दोन देशांतून येऊन रीतसर आसरा मागणाऱ्या शंभरातल्या तिघांनासुद्धा तेव्हा तो मिळत नव्हता. मग सरकारने चर्चमध्ये माणसं घुसवली. ती अंगावर टेपरेकॉर्डर लपवून सभांना बसत, प्रार्थनेला मान खाली घालत. खटला चालला, आठ जण दोषी ठरले. तुरुंगात मात्र कुणाला जावं लागलं नाही, देखरेखीखाली सोडलं. निकालाची तारीख बघून मी दचकलो. १ मे १९८६.

बाबा, त्यानंतर बरोबर महिन्याने आपल्या बेळगावकडे १ जून झाला, कन्नडसक्तीविरुद्धच्या मराठी आंदोलनावर गोळीबार झाला तो. यंदाही हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जाऊन आला असालच, गुडघे दुखत असतानाही. १९८६ ला मी पाच वर्षांचा होतो. कन्नडसक्ती म्हणजे काय, गोळीबार म्हणजे काय, काही कळत नव्हतं. एवढं आठवतं की तुम्ही तिसऱ्या दिवशी घरी आलात तेव्हा शर्टाला एकही बटण नव्हतं, आणि आई ओरडली नाही, सुईदोरा घेऊन बसली. नोकरी जाईल की राहील याच चिंतेत होती ती. रात्री आजी म्हणाली, "आता गप बसा की सगळी."

पुढच्या रविवारी चर्चमध्येही सगळे गपच होते. मोठा झाल्यावर त्याचं कारण कळलं. सकाळी कन्नड उपासना, मग मराठी, दोन्हीकडचे लोक एकाच पडवीत चपला काढणारे. आईचं माहेर बैलहोंगल. पाळकसाहेबांनी एका बाजूने बोलायचं तरी कसं? पण तुम्ही त्या दिवशी नेहमीच्या बाकावर बसला नाहीत, अगदी मागे, दारापाशी बसलात. का, ते मी कधी विचारलं नाही.

इथे तीन बुधवार सभा झाल्या. मला वाटलं होतं शास्त्रवचनांवर घमासान होईल. परदेशी माणसावर प्रेम करा म्हणणारा बायबलातला लेवीयचा एकोणिसावा अध्याय एकाने काढला, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हणणारा रोमकरांसचा तेरावा दुसऱ्याने काढला, दहा मिनिटांत ते संपलं. मी हळूच शरणपुरांचा, म्हणजे बायबलातल्या आश्रयाच्या नगरांचा, विषय काढला, आणि आपल्या नाशिकला गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलामाणसांना मिशनने ज्या वस्तीत ठेवून घेतलं तिचं नावच शरणपूर आहे, तेही सांगितलं. बाबा, ही तुमची गोष्ट. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग पुढचे दीड तास न्हाणीघरावर बोलणं झालं.

खरंच. तळघरात दोन खोल्या आहेत, पण न्हाणीघर नाही. माणूस महिनोन्महिने बाहेर न पडता राहणार तर अंघोळ कुठे करणार? प्लंबर कोण, विमा कंपनीला कळवायचं की नाही, रात्री सोबत कोण झोपणार, दारावर 'खाजगी' पाटी कुठे लावायची. ही पाटी महत्त्वाची. उपासनेची जागा सगळ्यांना उघडी, म्हणून तिथे पोलीसही येऊ शकतो. खाजगी खोलीत शिरायला मात्र न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं. इमिग्रेशनवाले बहुतेक वेळा आणतात ते त्यांच्याच साहेबाने सही केलेलं असतं, त्यावर दार उघडण्याची सक्ती नसते. दारात उभं राहणाऱ्यांना हे दोन कागद ओळखायला शिकवलं. आवाज न चढवता "सही कुणाची आहे ते बघू द्या" म्हणायचं. मला आपला तलाठी आठवला.

सगळ्यात जड बोलणं एका म्हाताऱ्या गृहस्थांचं झालं. हे सव्वीस वर्षं सीमेवरच्या गस्ती दलात होते. दर रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसतात, माझ्या मुलीला पेपरमिंट देतात. ते म्हणाले, वाळवंटातून प्रेतं तुम्ही नाही उचललीत, मी उचललीत. लोकांना सीमेपलीकडून आत आणण्याचा धंदा करणारे दलाल याच दयेवर पोट भरतात. आणि कायदा मोडायचाच असेल तर मोडणाऱ्याने स्वतः शिक्षा भोगावी, सबंध मंडळीचं नाव त्यात गोवू नये. त्यांना कुणी खोडून काढलं नाही. काढता येण्यासारखं नव्हतंच सगळं. शेवटी ठराव झाला तो त्यांच्यामुळे बराच नेटका झाला: सीमेवरून कुणाला आणायचं नाही, लपवायचं नाही, जे करायचं ते पत्र लिहून कळवून करायचं. त्यांनी तरीही विरोधात हात वर केला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या फरशा घेऊन गाडी आली ती त्यांचीच. विचारलं तर म्हणाले, मी ठरावाच्या विरोधात आहे, अंघोळीच्या नाही.

आता माझा हात. मी बाजूने वर केला. या देशात येऊन बारा वर्षं झाली, ग्रीन कार्डाच्या रांगेत माझी तारीख २०१४ ची, अजून नंबर नाही. इथे मला मत नाही. चर्चमध्ये आहे. ते वापरलं.

पण शूर वगैरे काही झालो नाही, आई, घाबरू नकोस. सभेनंतर वकीलबाईंना बाजूला घेऊन सरळ विचारलं, माझ्यासारख्या व्हिसावाल्याने काय करू नये? त्या म्हणाल्या, गाडीत बसवून कुणाला नेणं-आणणं तुझ्याकडे नको. दारात उभं राहणंही नको. तुझी नोकरी गेली तर साठ दिवसांत तुला दुसरी शोधावी लागेल किंवा देश सोडावा लागेल, आणि एखादा खटला अंगावर आला तर तुझं मुलाबाळांसकट आटोपलं. मी म्हटलं, मग गिझर बसवू का? त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, 'आसरा देणे' या शब्दात काय काय बसतं ते कोर्ट ठरवतं. उघडपणे, न लपवता केलेल्या कामाला बचाव आहे, खात्री नाही.

मी गिझर बसवला. वायरिंगही केलं. तुमचा इंजिनिअर मुलगा अमेरिकेत जाऊन अखेर या कामाला आला.

तळघरात सध्या एक बाई आणि तिचा सात वर्षांचा मुलगा आहे. नाव लिहीत नाही. ग्वातेमालाच्या डोंगराकडची. तिची भाषा माम. स्पॅनिश तिला बाजारापुरती येते, इंग्रजी शून्य. सुनावणीची तारीख बदलल्याचा कागद तिला आला होता, इंग्रजीत. शेजारणीने स्पॅनिशमध्ये सांगितला, तिने तो मनात माममध्ये लावला, आणि कुठेतरी तारीख बदलली. ती गेली तेव्हा खटला तिच्या गैरहजेरीत संपलेला, हद्दपारीचा हुकूम निघालेला. आता तो पुन्हा उघडावा म्हणून अर्ज केलाय.

हे ऐकताना मला चर्च दिसलंच नाही, आपली पडवी दिसली. रविवारी दुपारी खानापूरकडची माणसं पिशवीत कागद घालून यायची. उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, रेशनचं काही तरी कन्नडमध्ये. माणूस जन्मापासून त्याच शेतात, त्याच बांधावर, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तो जागचा न हलता. टूसॉनचंही तसंच आहे. १८५४ पर्यंत हे गाव मेक्सिकोत होतं, मग अमेरिकेने ही पट्टी एक कोटी डॉलरला विकत घेतली. इथले जुने लोक म्हणतात, आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेने आम्हाला ओलांडलं. हे वाक्य इथे भिंतींवर रंगवलेलं असतं, त्यामुळे त्याची धार थोडी गेलीय. पण पडवीत आई कन्नड वाचायची, बाबांना मराठीत सांगायची, आणि बाबा त्यावर अर्ज लिहून द्यायचे, त्याची भिंत कुणी रंगवलेली नाही. मंडळीने कधी ठराव केला नव्हता. तुम्ही कधी कुणाकडून चहाचे पैसेही घेतले नाहीत, उलट दूध संपायचं म्हणून आई कुरकुरायची.

आता जे लिहायला सगळ्यात जड जातंय ते. यंदा नाताळला येणं जमणार नाही. पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. आलो तर परत जायला मुंबईच्या वकिलातीत पुन्हा मुलाखत, आणि या दिवसांत तिथे काय होईल ते कुणी सांगत नाही. वकीलबाई म्हणाल्या, अगदी अडलं नसेल तर देशाबाहेर पाऊल टाकू नकोस. तुमच्या सुनेने आणि मी आठ दिवस यावर घातले. नातीला अजून सांगितलेलं नाही. ती कुंद्याच्या डब्याच्या गोष्टी करते. याचा ठरावाशी संबंध नाही, हात वर केला नसता तरी हेच झालं असतं. पण तुम्हाला तसं वाटेल, म्हणून एकाच पत्रात लिहितोय. बाबा, रागावायचं असेल तर दोन्हीवर एकदमच रागवा.

आणि आई, तुला एक विचारायचंय. इथे त्या बाईच्या अर्जासाठी दोन दुभाषे बसतात. एक फोनवर मामचं स्पॅनिश करतो, दुसरी आमच्यातलीच, स्पॅनिशचं इंग्रजी करते. परवा त्या दुसरीने एक वाक्य ऐकलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. नंतर जे सांगितलं ते फार छोटं होतं. मला पडवीतली तू आठवलीस. एखादी नोटीस वाचताना तूही अशीच थांबायचीस, समोरच्या म्हाताऱ्याकडे बघायचीस, मग बाबांना सांगायचीस. तेव्हा तू काही गाळायचीस का? आणि गाळलंस तर नंतर, तो माणूस गेल्यावर, बाबांना खरं सांगायचीस का?

फोनवर नको सांगूस. लिही. कन्नडमध्ये लिहिलंस तरी चालेल, मी लावत बसेन.

तुमचा,
बाबू