चुकलेल्या टपाल तिकिटांबद्दल, विन्यास

प्रिय विन्या,

"चांगली तिकिटं परवडत नाहीत म्हणून बिघडलेली जमवतोस का?" हा तुझा टोमणा पोचला. फोनवर उत्तर द्यायला गेलो असतो तर तिसऱ्या वाक्याला तू तोडलं असतंस, म्हणून लिहूनच पाठवतो.

आधी एक गैरसमज काढू. फाटलेलं, डागाळलेलं, दाते तुटलेलं तिकीट माझ्या कामाचं नाही. ती वापरणाऱ्याची हयगय. मला हवा तो दोष छापखान्यात जन्मलेला असावा लागतो. त्यातही दोन जाती आहेत. छापताना धूळ बसली किंवा कागदाचा तंतू आड आला, की तिकिटावर पांढरा ठिपका राहतो आणि पुढच्या शीटवर, म्हणजे तिकिटांच्या अख्ख्या तावावर, तो नसतो. अशा ठिपक्यांना 'अतिदुर्मीळ' म्हणून विकणारे महाभाग आहेत, पण मी तिकडे फिरकत नाही. मान आहे तो कायम दोषाला. समजा, छापायच्या प्लेटवर तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या घरात, म्हणजे एका तिकिटाच्या जागेत, ओरखडा पडला. मग ती प्लेट दुरुस्त होईपर्यंत निघणाऱ्या प्रत्येक शीटवर त्याच घरात तो उतरणार. म्हणूनच एक तिकीट सापडून काही सिद्ध होत नाही. तसंच दुसरं हाती आलं की झोप उडते, आणि शीटची कड शाबूत असलेला, चार तिकिटं जोडलेली असलेला तुकडा मिळाला तर घरही ठरवता येतं.

तू नाशिककर, तेव्हा उदाहरण तुमच्याच गावचं घे. १८५५ पासून आपली तिकिटं लंडनला डी ला रू कंपनीकडे छापली जायची. १९२६ पासून ती नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापायला लागले. फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं, तेव्हा प्रेसने सहा चित्रांची मालिका काढली. त्यातलं सर्वांत स्वस्त, पाव आण्याचं तिकीट पुराना किल्ल्याचं. चित्राखाली किल्ल्याचं नाव इंग्रजीत बारीक अक्षरांत आहे. शीटमधल्या एका घरात त्यातल्या 'पी'चा 'एफ' झालाय, म्हणजे वाचायचं ते 'फुराना किला'! भिंग न घेता बघशील तर जन्मात दिसणार नाही. १९२९ च्या विमान टपालाच्या तिकिटांवर असाच एका झाडाचा शेंडा गायब असलेला प्रकार आहे.

ह्याच नाशिकच्या तिकिटांत मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र दर्शनी बाजूला नाहीच. तिकीट पालथं घालून जलचिन्ह बघायचं, म्हणजे कागदातच उमटवलेली ताऱ्यांची नक्षी. ताऱ्यांची टोकं कधी डावीकडे वळलेली, कधी उजवीकडे. कारण साधं आहे, कागद मशीनला कोणत्या बाजूने लावला गेला एवढंच. राजाचा चेहरा लाखो तिकिटांवर सारखाच असतो रे. छापणाऱ्याचा हात कुठे फिरला हे असल्या तपशिलातच सापडतं, आणि मला त्या हाताचं कुतूहल आहे, राजाचं नाही.

आता ह्या चुकलेल्या तिकिटांच्या घराण्यातलं थोरलं नाव. १८५४ साली कलकत्त्याच्या सर्व्हे ऑफिसात, कॅप्टन थुइलिए ह्यांच्या देखरेखीखाली, दगडावरून तिकिटं छापली जात होती. त्यातलं चार आण्याचं दोन रंगी होतं. आधी लाल चौकट, मग तोच कागद पुन्हा दाबाखाली घालून निळं व्हिक्टोरियाचं डोकं. चित्रातलं विमान उलटं छापलं गेलेलं अमेरिकेचं ते प्रसिद्ध तिकीट १९१८ चं. आपल्याकडे त्याच्या ६४ वर्षं आधी कुणीतरी कागद उलटा घातला आणि राणी चौकटीत डोक्यावर उभी राहिली. आज तीसही नग माहीत नाहीत, आणि ते सगळे वापरलेले. कोरं एकही नाही. म्हणजे टपाल कचेरीत ते विकताना, घेणाऱ्याला चिकटवताना, शिक्का मारणाऱ्याला ठोकताना काहीच खटकलं नसावं. मला हे त्याच्या किमतीपेक्षा जास्त गमतीचं वाटतं.

त्याच वर्षीची आणखी एक हकिकत. अर्ध्या आण्याचं तिकीट आधी शेंदरी रंगात छापलं होतं, 'साडेनऊ कमानी' म्हणून संग्राहक ओळखतात ते. विलायतेहून आलेला शेंदरी रंग संपला, इथला वापरून पाहिला तर दगडावरचा ठसाच खराब व्हायला लागला. शेवटी ते तिकीट विक्रीला आलंच नाही, नवीन नमुना करून निळ्यात छापलं.

अधिमुद्रणाच्या, म्हणजे तयार तिकिटावर पुन्हा मारलेल्या छापेच्या, चुकाही मजेदार असतात, पण तिथे मी जपून असतो. १९२१ मध्ये एक आण्याच्या तिकिटावर 'नाइन पाइज' असे इंग्रजी शब्द मारून ते नऊ पैचं केलं. काहींवर 'नाइन नाइन' पडलं, काहींवर 'पाइज पाइज'. चंबा संस्थानाच्या काही तिकिटांवर संस्थानाच्या इंग्रजी नावातले 'एम' आणि 'ए' जागा बदलून बसलेत. पण जुन्या साध्या तिकिटावर नवी काळी छाप मारणं जालसाजांना फार सोपं जातं. जाणकारांचं प्रमाणपत्र नसेल तर असल्या मालाला मी हात लावत नाही, विकणारा कितीही गोड बोलो.

भोपाळ संस्थानाचं तिकीट मात्र घे म्हणून सांगेन. तिथली शीट हाताने, एकेक तिकीट वेगळं काढून केलेली. म्हणून तिथल्या राज्यकर्त्या बेगमेच्या 'बेगम' ह्या पदवीचं इंग्रजी स्पेलिंगही जागोजागी निराळं. एकीकडे शेवटच्या 'एम'चा 'एन' झालेला, दुसरीकडे पहिलं अक्षरच खाल्लेलं. प्रत्यक्ष बेगमसाहेबांच्या पदवीची ही अवस्था!

तर आता कामाचं बोलतो. तुझ्या आजोबांची पत्रं असलेली ट्रंक माळ्यावर आहे ना अजून? मुलांना हौस म्हणून तिकिटं कापू देऊ नकोस आणि पाण्यात भिजवून तर मुळीच काढू नकोस. पाकिटासकट ठेव, शिक्क्यावरची तारीख लागते मला. १९३१ ते ३५ ची पाकिटं वेगळी काढून ठेवलीस तर उपकार होतील. पुढच्या महिन्यात येतोच आहे, भिंग माझं मी आणतो. वहिनींना सांग, चहा लागेल, आणि टेबल दिवसभर अडेल.

तुझा,
मध्या