नळ ठिबकतोय? आवळू नका, वायसर बदला

संपादक महोदय,

उन्हाळा आला की 'पाणी जपून वापरा' अशा सूचना सगळीकडे लागतात. घरात ठिबकणाऱ्या नळाखाली मात्र बादली लावून लोक महिनोन् महिने काढतात. त्या नळाखाली लिटरची बाटली लावून पाहा. ती तासाभरात भरली, तर दिवसाला २४ लिटर पाणी चाललं आहे!

बरेच फेरे फिरवून बंद होणाऱ्या जुन्या नळात दोष बहुतेक वेळा वायसरचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आतल्या रबरी चकतीचा असतो आणि तो काही रुपयांत मिळतो. पण नळ ठिबकू लागला की लोक तो आणखी जोरात आवळतात. त्याने रबर चिरतं. वायसर पार झिजला की आतला धातू नळाच्या पितळी बैठकीवर, म्हणजे वायसर जिथे टेकतो त्या कडेवर घासतो आणि तिथे चर पडते. मग नवा वायसरही फार दिवस टिकत नाही.

मुख्य कॉक बंद करून नळातलं पाणी काढून टाका. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर नळ फिरवायच्या दांड्याचा स्क्रू हमखास आत जातो. दांडा काढल्यावर नळाचा वरचा भाग पान्ह्याने सोडवा. दुसऱ्या हाताने नळाचं अंग पक्कं धरा, नाहीतर भिंतीतला जोड फिरतो आणि गळती भिंतीत सुरू होते. जुना वायसर दुकानात दाखवून त्याच मापाचा आणा. बैठकीवरून बोट फिरवा. गुळगुळीत लागली तर ठीक. चर लागली तर ती हत्याराने घासून घ्यावी लागेल किंवा नळच बदलावा लागेल. परत बसवताना दांडा उघडलेल्या स्थितीत ठेवा, म्हणजे नवा वायसर चिरडणार नाही.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वायसरऐवजी सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं. चकतीवर ओरखडा उठला की ते अख्खं बदलावं लागतं. जुनं सोबत न्या, कारण लांबी, दात आणि फिरण्याची दिशा जुळली नाही तर नवं बसत नाही. हे ओरखडे उठतात रेतीने. पाणी बंद राहून पुन्हा आलं की आधी गढूळ येतं, तेव्हा पहिलं पाणी साध्या नळातून बादलीत सोडा.

नळ भिंतीपाशी गळत असेल तर दोष आट्यांचा. बाहेरून एम-सील थापून काही होत नाही; ओल्या, दाबाखालच्या जागी ते धरत नाही. नळ काढा, जुनी टेफ्लॉन टेप (आट्यांतली गळती रोखणारी पातळ पट्टी) खरवडून आटे कोरडे करा. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने टेफ्लॉन टेप ताणून गुंडाळा. अर्ध्या इंची आट्याला साधी पातळ टेप दहा-बारा वेढे लागते. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती गोळा होऊन बाहेर येते. नळ थोडा जास्त फिरून वाकडा बसला, तर मागे फिरवून सरळ करू नका, टेपची पकड सुटते. काढा आणि नव्याने गुंडाळा. आटे प्लास्टिकचे असतील तर पान्ह्याचा जोर बेताचा ठेवा. फिटिंग तडकली तर भिंत फोडण्यावाचून इलाज नाही.

हे सगळं अडतं ते एका जागी: फ्लॅटचा मुख्य कॉक वर्षानुवर्षं न फिरवल्याने गंजून बसलेला असतो. मग वायसरसाठी अख्ख्या इमारतीचं पाणी बंद करायचं का, म्हणून दुरुस्ती राहून जाते. सोसायट्यांनी दर तीन महिन्यांनी प्रत्येक घरातला कॉक एकदा पूर्ण बंद करून उघडून पाहावा आणि जो फिरत नाही तिथे पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवावा. टाकी धुण्याच्या दिवशी तसंही पाणी बंदच असतं, हे काम त्याच दिवशी उरकता येईल.

– एक प्लंबर, पुणे