कोणते हाड खरे, कोणते साच्यातले?

महोदय,

नुकतीच नातवासोबत निसर्ग-इतिहास संग्रहालयाला भेट दिली. टायरॅनोसॉरस या डायनोसॉरच्या सांगाड्यापुढे फोटोसाठी झुंबड. मॅमथच्या, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या भाईबंदाच्या, दाढेपाशी मात्र कोणीच नव्हते. केवढी मोठी ती दाढ! वर आडव्या कडांच्या ओळीच ओळी, जात्याला टाकी लावल्यासारख्या, गवत दळण्यासाठी. नातू काचेला नाक लावून उभा. ‘आजोबा, ही खरी की प्लास्टरची?’ फलकावर उत्तर नव्हते.

स्टेगोसॉरस हा दुसरा डायनोसॉरही टायरॅनोसॉरसच्या शेजारीच, जणू एकाच रानातले! प्रत्यक्षात दोघांत सुमारे ८ कोटी वर्षांचे अंतर. टायरॅनोसॉरस संपून ६.६ कोटी वर्षे झाली, म्हणजे तो आपल्याला अधिक जवळचा. प्रत्येक फलकावर काळ आणि ‘अस्सल’ की ‘प्रतिकृती’ हे ठळक लिहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक