अडलेलं रडू आणि सिनेमा

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

इतकं सगळं होऊन गेलं तरी रडू म्हणून येत नाही, असं तू फोनवर म्हणालास. त्यावर जरा सविस्तर लिहावंसं वाटलं. तू कोरडा झालेला नाहीस. भावना गिळायची सवय लागली आहे, आणि ती सवय तुला न विचारता काम करते.

गिळलेलं नाहीसं होत नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना किळस येईल अशी छोटी फिल्म दाखवली आणि त्यातल्या काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांनी चेहरा बऱ्यापैकी सांभाळला. किळस मात्र इतरांइतकीच वाटली, आणि त्वचेवरच्या घामासारख्या शरीरातल्या ताणाच्या खुणा उलट वाढल्या. दिवसभर असा चेहरा सांभाळून माणूस घरी येतो तेव्हा जबडा आवळलेला असतो, खांदे ताठलेले असतात आणि भलत्याच गोष्टीवरून चिडचिड होते.

सिनेमा इथे कामाला येतो, कारण पडद्यावरचं दुःख दुसऱ्याचं असतं आणि मनावरचा पहारा ढिला पडतो. आपल्या रससिद्धान्तात, म्हणजे नाटक-काव्यातला भाव प्रेक्षकाला कसा जाणवतो याच्या जुन्या विचारात, याला साधारणीकरण म्हणतात. समोरचा शोक धड माझा नाही आणि धड परक्याचाही नाही, म्हणून तो सोसवतो. थॉमस शेफ या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली हेच अंतराच्या भाषेत मांडलं. फार जवळ गेलं की माणूस बुडतो, फार लांब राहिलं की नुसता बघत बसतो. मधल्या अंतरावर रडूही येतं आणि आपण खुर्चीत सुखरूप बसलो आहोत हेही कळत असतं.

त्यामुळे निम्मं काम सिनेमा निवडण्यात आहे. आपल्यावर जे बेतलं तेच हुबेहूब दाखवणारा सिनेमा पहिल्यांदा घेऊ नये. एक पायरी बाजूला जावं. कुणाचा मृत्यू मनात असेल तर ताटातुटीची गोष्ट चालेल, मोडलेलं नातं असेल तर दुरावलेल्या भावांची किंवा जिवलग मित्रांची. शक्यतो आपल्या भाषेतला घ्यावा, सबटायटल वाचण्यात लक्ष विभागलं जातं. आधी पाहिलेला असला तर माझ्या मते उत्तमच, कारण पुढे काय होणार याची उत्सुकता संपलेली असते आणि लक्ष माणसांवर राहतं. फोनवर तुकडे बघून हे होत नाही. ज्या माणसासाठी रडायचं त्याच्यासोबत आधी तासभर काढावा लागतो, त्याची बोलण्याची ढब, त्याची खोड ओळखीची व्हावी लागते.

वेळ दुपारची किंवा संध्याकाळची ठेव. झोपायच्या निदान दोन तास आधी सिनेमा संपला पाहिजे, त्याचं कारण पुढे सांगते. दिवे मंद, फोन दुसऱ्या खोलीत, मद्य अजिबात नको. एकट्याने बघ, नाहीतर तू रडलास तर लगेच समजूत घालायला न धावणाऱ्या एखाद्या माणसाबरोबर.

आता नेमकी जागा सांगते, जिथे सगळं हुकतं. एखाद्या प्रसंगात घसा दाटतो, नाकाच्या मुळाशी हुळहुळतं. तेवढ्यात हात पाण्याच्या ग्लासकडे जातो, नाहीतर आपण सरळ बसतो, नाहीतर शेजारच्याला म्हणतो, "कॅमेरा छान लावलाय." त्या चार-पाच सेकंदांत आलेला कढ परत आत जातो. तिथे काहीच करायचं नाही. श्वास रोखलेला असेल तर तोंडाने हळू सोडायचा, जबडा सैल ठेवायचा आणि नजर पडद्यावरच ठेवायची. रडू आलं तर येऊ दे, नाही आलं तरी जोर लावू नकोस. नुसते डोळे ओलावले तरी पहिल्या वेळेला पुष्कळ झालं.

रडल्यावर लगेच हलकं वाटेल असं समजू नकोस. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, करुण सिनेमा बघून रडलेल्या लोकांची मनःस्थिती आधी खालावलीच. साधारण २० मिनिटांत ती मूळपदावर आली आणि ९० मिनिटांनी सिनेमाच्या आधीपेक्षाही बरी होती. दोन तास राखायचे ते यासाठी. बरेच जण त्या पहिल्या २० मिनिटांतच म्हणतात, "उगाच पाहिला," आणि पुन्हा कधी त्या वाटेला जात नाहीत.

म्हणून 'पुढचं आपोआप सुरू होणं' ही सोय आधीच बंद करून ठेव. नामावली संपेपर्यंत बस, तोंड धू, थोडा चाल. मग कागद घेऊन १५ मिनिटं लिही: कोणत्या प्रसंगाला भरून आलं, त्यात मी कोणाच्या जागी होतो, आणि त्या जागी मला काय बोलायचं होतं. शुद्धलेखन बघू नकोस, लिहिलेलं कुणाला दाखवू नकोस. माझ्या लेखी सिनेमापेक्षाही हा कागद महत्त्वाचा आहे. रडण्याने झाकण निघतं, पण आत काय होतं ते नाव दिल्याशिवाय कळत नाही. कागद कोरा राहिला तर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा लावून रडावंसं वाटतं, आणि ते मोकळं होणं नव्हे, ते उगाळणं झालं. आठवड्याला एक सिनेमा पुरे.

रागाचं गणित मात्र वेगळं आहे. सूडाचे, मारधाडीचे सिनेमे बघून राग निघून जातो हा समज चुकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट इतरांपेक्षा जास्त राहिला. रागाखाली बऱ्याचदा अपमान किंवा दुःख असतं, तिथपर्यंत नेणारा सिनेमा निवड.

बघताना धडधड वाढली, गुदमरल्यासारखं झालं किंवा जुना प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटलं, तर सिनेमा लगेच बंद कर. दिवा लाव, पाय जमिनीवर टेकव, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घे. हे अंतर फार जवळचं झाल्याचं लक्षण आहे, आणि तो विषय एकट्याने नव्हे, समुपदेशकाबरोबर उघडायचा असतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल तर सिनेमावर विसंबू नकोस, डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी मला उठव, रात्री कितीही वाजलेले असोत.

येत्या रविवारी दुपारी मोकळा असशील तर पहिला सिनेमा तेव्हाच ठेव. निवडताना अडलास तर फोन कर, दोघं मिळून ठरवू. मनात काय चाललंय ते तेव्हा सांगितलंच पाहिजे असं नाही.

तुझी,
आई