वेस्ट पॉइंट पाहून आल्यावर आई-बाबांना

न्यू जर्सी
रविवार, रात्री

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर आईचा गळा दाटून येतो आणि बाबा ‘बरं, ठेवतो’ म्हणून मोकळे होतात. म्हणून लिहायला बसले. विषय तोच. दादाच्या लेकीला खडकवासल्याच्या एनडीएची, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीची, परीक्षा द्यायची आहे आणि त्यावरून घरात अबोला धरला गेलाय.

काल आम्ही वेस्ट पॉइंटला जाऊन आलो. अमेरिकेच्या लष्कराचे अधिकारी घडवणारी ही अकादमी 1802 सालची. न्यू यॉर्कपासून साधारण 80 किलोमीटरवर, हडसन नदी जिथे एकदम वळण घेते तिथल्या खडकाळ उंचवट्यावर वसलेली. इंग्रजांची जहाजं नदीतून वर येऊ नयेत म्हणून 1778 मध्ये इथे या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी साखळी टाकली होती. तिच्या काही कड्या अजून मैदानाच्या टोकाला मांडून ठेवल्यात. एकेक कडी माझ्या हाताएवढी लांब. बाबा, तुम्ही असता तर तिथून हलला नसता.

दफनभूमीच्या दाराशी 1836 मधलं जुनं चर्च आहे. ते मूळचं इथलं नाही. 1910 च्या सुमारास नवं मोठं चर्च उभं राहिलं, तेव्हा हे पाडू नये म्हणून दगड न् दगड सुटा करून इथे आणून पुन्हा बांधलं. आतल्या भिंतीवर स्वातंत्र्ययुद्धातल्या सेनापतींच्या काळ्या संगमरवरी पाट्या ओळीने लावल्या आहेत. हुद्दा, नाव, जन्म, मृत्यू. त्यातल्या एका पाटीवर हुद्दा आहे, 1740 हे जन्मसाल आहे, नाव नाही. ती बेनेडिक्ट अर्नोल्डची. शूर होता, लढाईत जखमी झाला होता, आणि 1780 मध्ये हाच किल्ला त्याच्या ताब्यात असताना इंग्रजांना देऊन टाकायला निघाला होता. मेजर जनरल होता हे पुसलं नाही, नाव मात्र लिहिलं नाही. मला ही शिक्षा फार मोठी वाटली.

बाहेर दफनभूमीत मोठमोठ्या माणसांच्या कबरी आहेत. पनामा कालवा पुरा करणारा गोथल्स आहे. अंतराळात चाललेला पहिला अमेरिकन एड व्हाइट आहे, जो 1967 मध्ये अपोलो 1 च्या आगीत गेला. कुणाचा तरी चक्क पिरॅमिडही आहे! तो बघायला लोक थांबत होते. मी पुढे गेले, कारण मला एमिली पेरेझपर्यंत जायचं होतं.

आई, तिच्याबद्दल मी आधी वाचलं होतं, म्हणूनच गेले. वेस्ट पॉइंटमध्ये मुलींना 1976 पर्यंत प्रवेश नव्हता. त्या वर्षी 119 जणी आल्या, 1980 मध्ये त्यातल्या 62 पदवी घेऊन बाहेर पडल्या. एमिली 2005 च्या तुकडीतली. सगळ्या कॅडेट्समध्ये अगदी वरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेली. पुढच्याच वर्षी, 12 सप्टेंबर 2006 ला, इराकमध्ये नजफजवळ गाड्यांचा ताफा घेऊन जाताना रस्त्याकडेला पेरलेला बॉम्ब फुटला. वय 23.

आसपासच्या काही दगडांवर लोकांनी नाणी ठेवली होती. कुणीतरी येऊन गेलं, एवढंच घरच्यांना कळावं म्हणून ठेवतात. मी तिथे उभी असताना मला तूच आठवत होतीस. तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ‘काही होत नाही गं’ हे मी या जागी जाऊन आल्यावर तर मुळीच म्हणू शकत नाही. होतं.

पण ‘मुलीच्या जातीला हे कशाला’ हे जे तू म्हणालीस, ते मला पटलेलं नाही. आपण इंदूरची माणसं. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले, मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही, आणि पुढे तिला काय सांगितलं? 1765 च्या पत्रात लिहिलंय: चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, मोठा तोफखाना जवळ ठेव, दारूगोळ्याची तजवीज कर, वाटेत चौक्या बसव. सासरा सुनेला लिहितोय, अडीचशे वर्षांपूर्वी! राजवाड्यासमोर अहिल्याबाईंच्या पुतळ्याला तू येता-जाता हात जोडतेस. मग खडकवासल्याला जाऊ म्हणणाऱ्या नातीशी बोलणं का टाकावं? मे 2025 मध्ये तिथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, 17 जणी. त्यांच्याही आज्या असतीलच ना.

बाबा, तुमच्याबद्दल. तुम्ही महूच्या लष्करी छावणीत नोकरीला होतात तेव्हा वायओ कोर्सला, म्हणजे नव्या तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला, आलेल्या पोरांचे किस्से घरी सांगायचात. कुणाला रनिंगमध्ये धाप लागते, कुणी आईच्या लाडवांचा डबा वाटून खातो. आणि 1999 च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या वेळी, तुम्ही पेपर उघडून बसायचात आणि जेवताना एक शब्द बोलायचा नाहीत. मी तेव्हा विचारलं नाही, पण त्या पेपरात ओळखीची नावं होती हे आम्हाला कळायचं. या घरात त्या दोन्ही गोष्टी माहीत असलेले तुम्ही एकटे आहात. तुम्ही गप्प राहिलात तर तिला एका बाजूने यूट्यूबवरचे जोशपूर्ण व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूने आईचं रडणं, एवढंच मिळेल. तिला डब्याचंही सांगा आणि पेपराचंही सांगा. मग तिचं तिला ठरवू द्या.

परीक्षा वर्षातून दोनदा असते, पुढे एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतींचे, पाच दिवस, मग मेडिकल. त्यात निवड होणं सोपं नाही, हे तिलाही माहीत आहे. एसएसबीला भोपाळचं केंद्र आलं तर तिच्याबरोबर तुम्हीच जा. दादाला त्या दिवसांत सुट्टी मिळेल की नाही कोण जाणे, आणि तुमच्याबरोबर ती जास्त बोलते.

आई, ती मला रोज मेसेज करते. ‘आत्या, आजी माझ्याशी बोलत नाही’ हे त्यात असतंच. तिला या शनिवारी जेवायला बोलव. भीती वाटते तर तसं तिला सांग, लपवू नकोस, पण आधी तिला का जायचंय ते पुरतं ऐकून घे. मध्ये बोलू नकोस.

बीपीच्या गोळ्या वेळेवर घे. रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा शनिवारचं काय झालं ते तूच सांग.

तुमची लेक